टेबल लिंक होत नाही? आधी हेडिंगमधलं टिंब बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावजवळच्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये हिशोब बघणाऱ्या ताईंनी आवकेची एक्सेल फाइल ॲक्सेसला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरला, लिंक केली आहे. गेल्या हंगामापर्यंत सगळं सुरळीत होतं. यंदाची फाइल जोडली आणि भाड्याची क्वेरी (टेबलातून हवी ती माहिती काढणारी साठवलेली मागणी) उघडली की एक छोटी खिडकी येते, त्यात ‘गट नं’ एवढंच लिहिलेलं असतं आणि खाली रिकामी चौकट. काही न लिहिता ओके केलं तर रिपोर्ट निघतो, पण गटाचा कॉलम कोरा. दुसरी अडचण म्हणजे वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचं सर्व्हरवरचं टेबल लिंक करायला गेलं की ‘हे वैध नाव नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो आणि लिंकच होत नाही. त्यांनी ऑफिस काढून पुन्हा टाकलं, दुसरा कॉम्प्युटरही लावून पाहिला. फरक पडला नाही.

ताई, कॉम्प्युटर बदलून हे सुटणार नव्हतं, कारण बिघाड कॉम्प्युटरमध्ये नाहीच. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एक आहे, आणि ते म्हणजे कॉलमच्या नावातलं टिंब. सांगली मार्केट यार्डात आणि आजूबाजूला मी वीसेक वर्षं अडत दुकानांची, कोल्डची, पतसंस्थांची डेटाबेसची कामं करतोय. लिंक तुटल्याच्या जेवढ्या तक्रारी येतात, त्यात नेटवर्क किंवा पासवर्डच्या आधी मी कॉलमची नावं वाचतो. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

टिंबाने एवढं काय बिघडतं, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ॲक्सेसच्या भाषेत टिंबाला अर्थ आहे. ‘आवक.वजन’ असं लिहिलं की ॲक्सेस ते ‘आवक या टेबलातलं वजन हे फील्ड’ असं वाचतं; फील्ड म्हणजे टेबलातला कॉलम. उद्गारचिन्हाचंही तसंच, फॉर्मवरच्या चौकटीचं नाव सांगताना ते मध्ये येतं. चौकटी कंस [ ] नावाच्या दोन टोकांना लागतात, नाव कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे दाखवायला. म्हणून ही चिन्हं नावाच्या आत चालत नाहीत: टिंब, उद्गारचिन्ह, चौकटी कंस, आणि कीबोर्डवर १ च्या डावीकडे असणारं उलटं अवतरण `. नाव मोकळ्या जागेने सुरू झालेलं चालत नाही. शून्य ते एकतीस क्रमांकांचे न दिसणारे कंट्रोल कॅरेक्टर चालत नाहीत. लांबी जास्तीत जास्त ६४ अक्षरं. गोल कंस मात्र चालतात. पुष्कळ जण घाबरून ‘वजन (किलो)’मधले कंस काढतात आणि टिंब तसंच ठेवतात, म्हणून सांगितलं.

आता आपली मराठी हेडिंगं आठवा. क्र., नं., ता., जि., मु. पो., दि., रु., कि.ग्रॅ. सातबाऱ्यापासून पट्टीपर्यंत आपण सगळीकडे टिंब देऊन लिहितो, आणि कागदावर ते बरोबरच आहे. एक्सेलला त्याचं काही वाटत नाही, कारण एक्सेलसाठी हेडिंग म्हणजे एका सेलमधला मजकूर. पण तोच मजकूर ॲक्सेसमध्ये फील्डचं नाव होतो. अशा वेळी ॲक्सेस एक्सेलच्या फाइलला नकार देत नाही. मधला ड्रायव्हर, म्हणजे एक्सेलची फाइल ॲक्सेसला वाचून देणारा छोटा प्रोग्राम, गुपचूप टिंबाच्या जागी # घालतो आणि लिंक करून देतो. ‘गट नं.’ चं ‘गट नं#’ होतं. काहीच संदेश येत नाही, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं.

तुमच्या गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये हेडिंग ‘गट नं’ असणार, टिंबाशिवाय. यंदा फाइल कुणीतरी नव्याने बनवली आणि शुद्ध लिहायचं म्हणून ‘गट नं.’ केलं. जुनी क्वेरी ‘गट नं’ शोधते, टेबलात ‘गट नं#’ आहे. नाव सापडलं नाही की ॲक्सेस ‘चूक आहे’ असं म्हणत नाही. ते समजतं की ही माहिती माणूस देणार आहे, आणि खिडकी उघडून विचारतं. ही पॅरामीटरची खिडकी न मागता आली तर ती कधीही रिकामी सोडून ओके करू नका. तुमच्या रिपोर्टमध्ये नुसता कॉलम कोरा राहिला म्हणून लक्षात तरी आलं. तेच नाव एखाद्या अटीत किंवा बेरजेत असतं तर चुकीचा आकडा बरोबर दिसत बाहेर पडला असता. कोडमधून क्वेरी चालवत असाल तर हाच आजार ३०६१ क्रमांकाची चूक होऊन येतो, ‘पॅरामीटर कमी पडले’ अशा अर्थाची. दोन्हींचा अर्थ एकच: ज्या नावाने हाक मारली त्या नावाचं तिथे कुणी नाही.

तपासायचं असं. लिंक केलेल्या टेबलावर राइट क्लिक करून डिझाइन व्ह्यू उघडा. ‘हे लिंक केलेलं टेबल आहे, काही गोष्टी बदलता येणार नाहीत’ असं विचारेल, होय म्हणा. फील्डची नावं तिथून जशीच्या तशी वाचा, एक्सेल बघून नाही. एका बाजूला ही यादी आणि दुसऱ्या बाजूला क्वेरीतली नावं ठेवली की दोन मिनिटांत फरक दिसतो. इथे नाव बदलायचा प्रयत्न मात्र करू नका, लिंक केलेल्या टेबलात ते बदलत नाही.

दुरुस्तीचे दोन रस्ते आहेत. फाइल तुमच्याच हाताखाली बनत असेल तर हेडिंग मुळातच सुधारा. ‘गट नं.’ ऐवजी ‘गट क्रमांक’ लिहा, किंवा जुन्या क्वेरीशी जुळावं म्हणून टिंब काढून ‘गट नं’ ठेवा. मग ॲक्सेसमधली लिंक डिलीट करून पुन्हा जोडा. लिंक डिलीट करायला लोक घाबरतात, हात थरथरतो. पण लिंक म्हणजे फक्त बाण आहे. ती काढल्याने मूळ एक्सेलमधला एक आकडाही जात नाही. जुनी लिंक नुसती रिफ्रेश करण्यापेक्षा काढून नव्याने जोडलेली बरी, कारण ॲक्सेस टेबलाचा जुना साचा आपल्याकडे धरून ठेवतं.

फाइल बाहेरून, एखाद्या अडत्याकडून किंवा शेतकरी गटाकडून येत असेल तर दरवर्षी त्यांची हेडिंगं सुधारत बसू नका. मधे एक क्वेरी ठेवा. डिझाइन ग्रिडमध्ये फील्डच्या ओळीत असं लिहायचं:

गट_क्रमांक: [गट नं#]

कोलनच्या डावीकडे तुम्हाला हवं ते नाव, उजवीकडे आलेलं नाव. चौकटी कंस विसरू नका, कारण # हे चिन्ह ॲक्सेसमध्ये तारखेच्या दोन्ही बाजूंना लागतं आणि कंस नसले तर नवा घोळ होतो. पुढचे सगळे रिपोर्ट या क्वेरीवर उभे करा. पुढच्या वर्षी हेडिंग पुन्हा बदललं तर ही एकच क्वेरी दुरुस्त करायची, वीस रिपोर्ट नाही.

जुन्या क्वेऱ्या पुष्कळ असतील तर आणखी एक सोय आहे. समजा लिंकचं नाव ‘आवक’ आहे. ते ‘आवक_एक्सेल’ करा आणि वरच्या मधल्या क्वेरीला ‘आवक’ हे नाव द्या. फक्त तिच्यात उजवीकडे नवी नावं आणि डावीकडे जुन्या क्वेऱ्यांना हवी असलेली नावं ठेवा. जुन्या क्वेऱ्या आता टेबलाऐवजी या क्वेरीकडे येतील आणि त्यांना हातही लावावा लागणार नाही. हे करण्याआधी ऑप्शन्समध्ये करंट डेटाबेसखाली नेम ऑटोकरेक्ट बंद करा. ते चालू असेल तर टेबलाचं नाव बदलताच जुन्या क्वेऱ्याही त्या नव्या नावामागे जाऊ शकतात आणि केलेली सोय वाया जाते.

टिंब डोळ्याला दिसतं तरी. न दिसणाऱ्या गोष्टींचा त्रास जास्त. हेडिंग दोन ओळींत नीट बसावं म्हणून ऑल्ट-एंटर मारलेलं असतं, तिथे १० क्रमांकाचं कंट्रोल कॅरेक्टर बसतं. वेबसाइटवरून कॉपी केलेल्या हेडिंगमध्ये १६० क्रमांकाची न तुटणारी मोकळी जागा येते. एक्सेलचं ट्रिम साधी जागा काढतं, १६० वाली काढत नाही. क्लीन हे ० ते ३१ काढतं, १६० ला तेही हात लावत नाही. तिच्यासाठी सबस्टिट्यूट वापरून १६० च्या जागी साधी जागा घालावी आणि मग ट्रिम करावं. शंका आली की लेन फंक्शनने अक्षरं मोजा. ‘वजन’ ला ३ यायला हवेत. ४ आले तर एक पाहुणा आत बसलाय.

आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे पहिल्या ओळीतलं ॥ श्री ॥. हिशोबाची वही तशीच सुरू होते, मग शीट का नाही? पण ‘पहिल्या ओळीत हेडिंग आहेत’ असं सांगून लिंक केलं की ॲक्सेस पहिल्या कॉलमचं नाव ‘॥ श्री ॥’ धरतं आणि बाकीच्यांना इंग्रजी एफ अक्षरापुढे २, ३, ४ असे आकडे लावून नावं देतं. दुकानाचं नाव पहिल्या ओळीत मर्ज करून मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी हेच होतं. श्री काढायची गरज नाही. छापताना वर येणाऱ्या पेज हेडरमध्ये ते ठेवा, किंवा खऱ्या हेडिंगपासून शेवटच्या ओळीपर्यंतचा भाग निवडून त्याला एक नाव द्या आणि लिंक करताना शीटऐवजी ती नेम्ड रेंज निवडा. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण त्यात शीटची मांडणी मालकाला हवी तशीच राहते.

जुन्या फाँटच्या फाइलींकडे विशेष लक्ष द्या. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दिसतो मराठी, पण फाइलमध्ये असतात इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं. त्या फाँटमध्ये ‘ख’ चौकटी कंसाने सुरू होतो. म्हणजे ‘खाते’ असं दिसणाऱ्या हेडिंगचं पहिलंच चिन्ह आत [ आहे. ‘ण’ टिंबाने सुरू होतो. ऋकार म्हणजे `. आपल्या नदीचं ‘कृष्णा’ हे नाव त्या फाँटमध्ये लिहिलं तर एकाच शब्दात दोन निषिद्ध चिन्हं येतात. पडद्यावर काहीच चुकीचं दिसत नाही आणि माणूस तासन्‌तास शोधत बसतो. ओळखायची खूण सोपी आहे: त्या सेलवर क्लिक करा आणि वर फॉर्म्युला बारमध्ये बघा. तिथे शीटचा फाँट लागत नाही, त्यामुळे खरा मजकूर उघडा पडतो. अशी फाइल असेल तर हेडिंगं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. आतला डेटा नंतर सवडीने कन्व्हर्टरमधून काढता येईल, पण हेडिंगं आजच करा.

युनिकोड झालं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात यार्डाकडच्या एका दुकानाचा कॉम्प्युटर गेला. खातेवही दोन ठिकाणी वाटून पुन्हा टाइप करून घेतली आणि मी एक्सेलमधल्या पॉवर क्वेरी या सोयीने दोन्ही फाइली एकाखाली एक जोडल्या. दोन्हीकडे हेडिंग होतं ‘शेतकऱ्याचे नाव’. जोडल्यावर त्याच नावाचे दोन कॉलम दिसले. एकात अर्धी नावं आणि खाली कोरं, दुसऱ्यात वर कोरं आणि खाली अर्धी नावं. मी दोन्ही शब्द मोठे करून शेजारी ठेवले, काना-मात्रेचा फरक नव्हता. शेवटी लेनने मोजलं. एकाला १४ आले, दुसऱ्याला १५.

फरक ‘ऱ्या’ मध्ये होता. मराठीतला हा अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ (क्रमांक २३५३) आणि हलन्त. दुसऱ्यावर साधा र (२३५२), हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक, ८२०५ क्रमांकाचा. दिसायला हुबेहूब, यंत्राला दोन वेगळी नावं. एक्सेलच्या यूनिकोड फंक्शनने एकेक अक्षर तपासल्यावर हे स्पष्ट होतं. त्या दिवसापासून मी फील्डच्या नावात ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ येऊ देत नाही. ‘शेतकरी नाव’ लिहितो, काम होतं.

यावरून विचाराल की फील्डची नावं मराठीत ठेवावीत की नाही. नुसतं ॲक्सेस आणि एक्सेल असेल तर खुशाल ठेवा, एक फायदाच आहे. इंग्रजीत डेट, नेम, ऑर्डर, ग्रुप ही नावं दिली तर ती ॲक्सेसच्या राखीव शब्दांशी भिडतात. ‘दिनांक’ आणि ‘नाव’ कुणाशी भिडत नाहीत. पण डेटा पुढे दुसऱ्या सर्व्हरवर जाणार असेल तर मी रोमन लिपीतली छोटी नावं आणि मधे अंडरस्कोअर वापरतो, आणि मराठी हेडिंग फील्डच्या कॅप्शनमध्ये, म्हणजे फक्त दाखवायच्या नावात, लिहितो. फॉर्मवर आणि रिपोर्टवर कॅप्शनच दिसतं, तिथे ‘मु. पो.’ टिंबांसकट लिहिता येतं. सर्व्हरवर मर्यादाही वेगळ्या असतात. पोस्टग्रेस हा सर्व्हरवरचा डेटाबेस नावाला ६३ बाइट देतो आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. त्यापुढचं तो कापून टाकतो.

कापण्यावरून जुन्या डीबीएफ फाइलींचं सांगायला हवं, कारण फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवर चालणारी दप्तरं अजून आहेत आणि त्याच्या फाइली डीबीएफ असतात. डीबीएफमध्ये फील्डचं नाव १० अक्षरांचं. इंग्रजीत ‘कस्टमर अंडरस्कोअर नेम’ आणि ‘कस्टमर अंडरस्कोअर नंबर’ ही दोन नावं १० अक्षरांवर कापली तर दोन्ही सारखीच उरतात, कारण ‘कस्टमर’ची ८, अंडरस्कोअर ९ वं आणि ‘एन’ १० वं. डीबीएफशी देवाणघेवाण असेल तर वेगळेपणा नावाच्या सुरुवातीला आणा.

सीएसव्ही लिंक करताना फक्त पहिल्याच कॉलमच्या नावापुढे तीन विचित्र चिन्हं दिसली तर ती फाइलच्या सुरुवातीची युनिकोडची खूण असते, चुकीच्या कोड पेजने वाचलेली. लिंक विझार्डमध्ये ॲडव्हान्स्ड उघडून कोड पेज ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.

गटाच्या कॉलमबद्दल एक सूचना, कारण नाव जुळल्यावर लगेच ही अडचण येईल. काही गट ‘२१४’ असे असतात, काही ‘२१४/२/अ’ असे. एक्सेलचा ड्रायव्हर ठरावीकपणे पहिल्या ८ ओळी बघून कॉलम आकड्यांचा की मजकुराचा ते ठरवतो. पहिल्या ओळींत नुसते आकडे असतील तर पुढचे ‘/२/अ’ वाले गट चुकीची खूण दाखवतात किंवा रिकामे येतात. आधी तो कॉलम टेक्स्ट करा, आणि आकडे पुन्हा टाइप करा किंवा टेक्स्ट टू कॉलम्समधून टेक्स्ट करून घ्या. नुसतं फॉरमॅट बदलून आधीचे आकडे मजकूर होत नाहीत.

आता वजनकाट्याचं टेबल. तिथे ॲक्सेसने # घालून वेळ मारून नेली नाही, थेट नकार दिला. तो संदेश ३१२५ क्रमांकाचा आहे. मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हरला कॉलमच्या नावात टिंब चालतं, ॲक्सेसला चालत नाही, म्हणून लिंक करताना ते अडतं. बहुतेक त्या टेबलात ‘निव्वळ वजन कि.ग्रॅ.’ असा कॉलम असणार. मूळ टेबलातलं नाव बदलायचा आग्रह धरू नका, काट्याचं सॉफ्टवेअर त्याच नावावर चालतं आणि ऐन आवकेच्या दिवसात काटा बंद पडला तर गाड्या रस्त्यावर उभ्या राहतील. व्ह्यू म्हणजे सर्व्हरवर साठवलेली क्वेरी, ती टेबलासारखी लिंक होते. ज्यांनी ते सॉफ्टवेअर दिलं त्यांना सांगा: ‘त्या टेबलावर एक व्ह्यू बनवून द्या. त्यात प्रत्येक कॉलमला टिंब, उद्गारचिन्ह आणि चौकटी कंस नसलेलं नाव द्या, आणि आम्हाला त्या व्ह्यूचा फक्त वाचायचा अधिकार द्या.’ जाणकार माणसाला हे थोड्या वेळाचं काम आहे आणि काट्याला त्याचा काही धक्का नाही.

ते व्ह्यू बनवायला वेळ लावत असतील तर तोवर पास-थ्रू क्वेरी चालेल. तिच्यातला मजकूर ॲक्सेस वाचत नाही, जसाच्या तसा सर्व्हरकडे पाठवतं. त्यामुळे सर्व्हरच्या पद्धतीने नाव बदलून मागता येतं. तिच्यातून डेटा फक्त वाचता येतो, पण तुम्हाला वजन बघायचंच आहे. व्ह्यू आल्यावर लिंक करताना ॲक्सेस विचारेल की प्रत्येक ओळ वेगळी ओळखायला कोणतं फील्ड घ्यायचं. तिथे काटा पावतीचा क्रमांक निवडा, गाडी नंबर नको. एकच गाडी दिवसात दोनदा काट्यावर येते.